प्रत्येक जुन्या गल्लीत तेच माकूल

चीनला निघालेली ओळखीची मंडळी हमखास विचारतात, "जुनं चीन कुठे बघायला मिळेल?" माझं उत्तर कुणाला फारसं आवडत नाही. जिथे भली मोठी कमान आणि 'प्राचीन रस्ता' अशी पाटी दिसेल, तिथे ते शोधू नका.

बीजिंगची नानलुओगूश्यांग ही जुनी गल्लीच घ्या. आखणी युआन राजवटीतली, म्हणजे सातेकशे वर्षांपूर्वीची. लांबी आठशे मीटरसुद्धा नाही आणि दोन्ही अंगांना आठ-आठ हूतोंग, म्हणजे अरुंद बोळ. नकाशात हुबेहूब गोम दिसते. शेवटची सम्राज्ञी वानरोंग हिचं माहेर इथल्याच माओअर हूतोंगमध्ये, चित्रकार छी बाइशी यांचं घर यूअर हूतोंगमध्ये. पण सुट्टीच्या दिवशी मुख्य गल्लीत शिरलात की मागचे ढकलतील तिकडे जायचं, एवढंच हातात उरतं. शेवटी 2016 मध्ये गल्लीने आपला 'थ्री-ए' पर्यटनस्थळाचा दर्जा स्वतःहून सोडला आणि टूर ग्रुप बंद केले. पर्यटनाचं बिरुद मिळावं म्हणून धडपडणारी गावं खूप पाहिली, ते परत करणारी ही एकच.

गर्दीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. बाजारपेठ आहे म्हटल्यावर माणसं येणारच. 1 ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत अख्खा देश घराबाहेर पडतो. भाड्याने हानफू, म्हणजे जुन्या धाटणीचा चिनी पोशाख घेऊन, केसांत फुलं माळून मुली फोटो काढतात, आजी-आजोबा नातवंडांसाठी साखरेच्या पाकातली फळं घेतात. त्यांचा देश, त्यांची सुट्टी. "फारच टुरिस्टी झालंय हो" म्हणणारे आपण तरी तिथे कोण असतो?

माझा राग आहे तो सारखेपणावर. उग्र वासाचा काळा टोफू मुळात हूनानमधल्या चांगशाचा. तो बीजिंगलाही, सूचौलाही, चेंगदूलाही. काडीला टोचून तव्यावर दाबून भाजलेलं माकूल, म्हणजे स्क्विड, चेंगदूच्या क्वानचाय गल्लीत खायचं, तर समुद्र तिथून हजारभर किलोमीटर! युन्नानमधलं लिजियांग हे नाशी लोकांचं गाव, 1997 पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या दुकानांत काय विकतात? आफ्रिकन ढोल.

याला दुकानदाराची अभिरुची कारण नाही, भाडं कारण आहे. गल्ली 'सुशोभित' झाली की भाडं चढतं. मग तोच माल परवडतो जो स्वस्तात तयार होतो, उभ्याउभ्या खाता येतो, ज्याचा वास लांबून येतो आणि ज्याचं गिऱ्हाईक परत आलं नाही तरी बिघडत नाही. भाजीवाला, शिंपी, किल्ल्या करून देणारा हे सगळे रोजच्या गिऱ्हाइकावर जगतात. ते आधी जातात. मग रहिवाशांनाही कळतं की इथे राहण्यापेक्षा घर भाड्याने देण्यात फायदा आहे. लिजियांगचे कितीतरी नाशी असेच जुनं गाव सोडून नव्या शहरात राहायला गेले.

याहून वाईट प्रकार म्हणजे खरं पाडून खोटं बांधणं. बीजिंगमधला छ्येनमेनचा रस्ता 2008 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर जुन्या धाटणीत जवळजवळ नव्याने उभा केला. शान्शी प्रांतातल्या दातोंगमध्ये तर जुन्या वस्त्या पाडून 'प्राचीन' शहर बांधलं गेलं. 2019 मध्ये केंद्र सरकारने ज्या पाच ऐतिहासिक शहरांवर जाहीर ठपका ठेवला, त्यांत दातोंग होतंच.

आता उलट बाजू. "जुनं होतं तसंच ठेवायला हवं होतं" हे आपण हॉटेलच्या गरम खोलीत बसून म्हणतो. बीजिंगच्या चौसोपी वाड्यांत एकेका चौकात कित्येक बिऱ्हाडं कोंबलेली असत आणि घरात संडास नसे. शून्याखालच्या थंडीत पहाटे गल्लीच्या कोपऱ्यावरचा सार्वजनिक संडास गाठावा लागे. ती माणसं फ्लॅट मिळाल्यावर खुशीने गेली असतील, तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. जी मनाविरुद्ध हलवली गेली, त्यांची गोष्ट वेगळी.

तरीही जायचंच असेल तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा आणि सकाळी दुकानं उघडायच्या आत पोचा. मुख्य गल्ली सोडून कुठल्याही हूतोंगमध्ये वळा. लोक अजून राहतात तिथे. उघडं दार दिसलं म्हणून कॅमेरा घेऊन आत घुसू नका. अनेक दारांवर 'खासगी घर, आत येऊ नये' अशी पाटी असते, आणि ती कुणामुळे लावावी लागली ते वेगळं सांगायला नको.