नक्कल की शिकणं? कोल्हापूरच्या फाउंड्रीबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कोल्हापूरच्या फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या, उद्योगावरचा माझा लेख इतका बारकाईने वाचून प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की हा उद्योग एमआयडीसीच्या स्वस्त जागेमुळे फोफावला, आणि तिथे शेजारी शेजाऱ्याची नक्कल करतो, तर त्यात नवं ते काय?

जागेचं उत्तर सनावळीतच आहे. एमआयडीसी स्थापन झाली 1962 मध्ये. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात त्याआधीपासून लेथ फिरत होते. उसाला नदीचं पाणी उपसायला ऑइल इंजिन लागायचं, गुऱ्हाळाला चरक लागायचा, आणि ऐन हंगामात ते बंद पडले की दुरुस्त करणारा हाताशी हवा असायचा. आधी दुरुस्ती, मग सुटे भाग, मग अख्खं इंजिन, असं ते काम वाढत गेलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या सुरुवातीच्या मंडळींची नावं तिथे आजही आदराने घेतात. पुढे एमआयडीसीचे शिरोली, गोकुळ शिरगावला प्लॉट मिळाले तेव्हा तिथे जायला तयार कारागीर होते, हे विसरून कसं चालेल?

नकलेचं म्हणाल, तर एक प्रसंग सांगतो. एका छोट्या फाउंड्रीत पंपाच्या बॉडीला सारखे ब्लो होल, म्हणजे गॅस अडकून पडलेली भोकं, येत होते, माल रिजेक्ट होत होता. मालकाने मागच्या गल्लीतल्या पॅटर्नवाल्या, म्हणजे साच्यासाठी नमुना घडवणाऱ्या, मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी फोडलेल्या कास्टिंगमधून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोअरमधला गॅस जायला वाटच न्हाई की वो." कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ ठेवणारा वाळूचा गाभा. संध्याकाळी तो घडवायचा साचा, कोअरबॉक्स, दुरुस्त होऊन आला. तेच मिस्त्री दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या शेडमध्ये, ती अक्कल सोबत घेऊन. याला तुम्ही नक्कल म्हणा, मी शिकणं म्हणतो. शंभर मैलांवर एकटा कारखाना काढलेल्याला असा माणूस हाकेच्या अंतरावर मिळत नाही.

एक गोष्ट मात्र तुमची खरी आहे आणि ती मलाही सलते. स्वतःचं इंजिन घडवणारं गाव आता बरंचसं वाहन कंपन्यांच्या ड्रॉइंगवर माल ओततं. 2019 मध्ये गाड्यांची मागणी घसरली, तेव्हा पाळ्या एकदमच कमी झाल्या. नुसते आणखी प्लॉट पाडून हे सुटणार नाही. डिझाइनची सोय, चाचणीची प्रयोगशाळा, साच्यांची वापरलेली वाळू पुन्हा कामाची करणारा प्लँट, हे वीस-पंचवीस माणसांच्या फाउंड्रीला एकटीला झेपत नाही. सरकारचा पैसा आणि कारखानदारांची वर्गणी आधी तिथे लागायला हवी.