या वीकेंडला एकच विषय वाचा: आपली वेळ कुणी ठरवली

शनिवार-रविवारी वाचायला काहीतरी सुचव, डोक्याला खाद्य मिळेल असं, असं कुणी म्हटलं की मी आता यादी देत नाही. यादी दिली की दहा लिंका सेव्ह होतात आणि सोमवार उजाडतो. मी एकच विषय देते आणि म्हणते दोन दिवस याच्याच मागे लाग, कुठे घेऊन जातो ते बघ. यावेळचा विषय घड्याळातली वेळ.

रेल्वे यायच्या आधी ज्या त्या गावाची वेळ वेगळी, सूर्य डोक्यावर आला की त्या गावाचे बारा. इंग्लंडच्या पश्चिमेचं ब्रिस्टल शहर लंडनच्या साधारण दहा मिनिटं मागे असायचं आणि कुणाचं काही अडत नव्हतं, घोडागाडीला कसला आलाय मिनिटांचा हिशोब. मग टाइमटेबल आलं आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० मध्ये आपल्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. ब्रिस्टलच्या कॉर्न एक्स्चेंज या जुन्या धान्यबाजाराच्या इमारतीवरच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक गावाच्या वेळेचा आणि एक लंडनच्या, आणि खरं सांगते, त्या दोन काट्यांवरच माझी अख्खी शनिवार सकाळ गेली. शहरानं लंडनची वेळ घेतली १८५२ मध्ये. देशभर एकच वेळ असा कायदा कधी झाला? १८८० मध्ये! अमेरिकेत तर १८ नोव्हेंबर १८८३ ला रेल्वे कंपन्यांनी आपापसात वेळेचे झोन ठरवून घड्याळं बदलली आणि तिथल्या काँग्रेसनं, म्हणजे संसदेनं, त्याचा कायदा केला १९१८ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षं लोकांची दुपार कंपन्यांनी ठरवलेली.

हे वाचल्यावर आजच्या टेक कंपन्यांबद्दलचं माझं मत जरा बदललं. आपल्याला वाटतं की कंपनीनं आधी आपलं जगणं बदलायचं आणि सरकारनं मागून धावत यायचं हे आत्ताच सुरू झालंय. नाही हो, हे दीडशे वर्षांपूर्वीही झालंय, आणि एकसारख्या वेळेचे फायदे खरे होते हेही मान्य, पण तेव्हाही लोकांना कुणी विचारलं नव्हतं आणि मला हीच गोष्ट खुपते.

पुढे राजकारण येतंच. जगाची वेळ कुठल्या रेषेपासून मोजायची हे ठरवायला १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देश जमले, लंडनमधल्या ग्रिनिचवरून जाणारी रेषा मूळ रेषा ठरली, फ्रान्स तटस्थ राहिला. शेवटी १९११ मध्ये फ्रान्सनं कायदा केला तोही कसा, तर देशाची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ उणे ९ मिनिटं २१ सेकंद. वेळ ग्रिनिचचीच, पण नाव नाही घेतलं! राष्ट्राभिमान सेकंदात मोजलेला मी तरी दुसरीकडे कुठे वाचला नाही.

स्पेनचं वाचा. १९४० मध्ये तिथला हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारनं घड्याळ एक तास पुढे नेलं आणि ते परत मागे आलंच नाही, त्यामुळे तिथे लोक रात्री उशिरा जेवतात ही त्यांची संस्कृती म्हणून जे आपण कौतुकानं ऐकतो त्यात या घड्याळाचाही वाटा आहे, सूर्याच्या हिशोबानं बघितलं तर ते तेवढे उशिरा जेवतच नाहीत. आणि चीन, एवढा मोठा देश, १९४९ नंतर सगळीकडे बीजिंगचीच वेळ. पार पश्चिमेला काशगरमध्ये डिसेंबरात सूर्य उगवतो तेव्हा सरकारी घड्याळात दहा वाजून गेलेले असतात. काशगर ज्या शिनजियांग प्रांतात आहे तिथले बरेच उइगुर (तिथला मुस्लिम समाज) लोक आपसात दोन तास मागची वेळ पाळतात, म्हणजे तिथे किती वाजले या प्रश्नाला उत्तर कोण कुणाला देतंय त्यावर अवलंबून असतं. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

टेक्नॉलॉजी, इतिहास, राजकारण, संस्कृती असे वेगळे कप्पे करून वाचायची सवय आपल्याला शाळेनं लावली, म्हणून मी विषय धरून वाचा म्हणते. पुढच्या शनिवारी मी शिपिंग कंटेनर घेणारे. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत एक जहाज ५८ अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या घेऊन निघालं होतं, तिथून सुरुवात करायची.