संध्याकाळी सात ते दहा, पोरांसोबत कोण असतं?

पुण्यात कोयते नाचवत गाड्या फोडणाऱ्या पोरांचा नवा व्हिडिओ आला की दोन दिवस सगळीकडे तोच फिरतो. खालच्या कमेंटही ठरलेल्या. धिंड काढा, हातपाय मोडा, अठराची अट काढून टाका. ज्यांची गाडी फुटली, ज्यांच्या घरातल्या माणसाला लागलं, त्यांचा राग मला समजतो. फुटलेली रिक्षा बहुतेक वेळा त्याच वस्तीतल्या कुणाची तरी असते आणि तिचे हप्ते अजून फिटायचे असतात. पण मी अनेक वर्षं वस्तीत नेमक्या याच वयाच्या मुलामुलींबरोबर काम करते आहे, आणि या चर्चेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही म्हणून हे लांबलचक लिहिते आहे. हातात कोयता येण्याच्या आधीची दोन-तीन वर्षं तो पोरगा रोज संध्याकाळी कुणाबरोबर होता?

आधी कायद्याचं बोलू. अल्पवयीन म्हणजे मोकाट सुटका, असा समज पसरलाय. २०१५च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवायची तरतूद आहे. कायदा कडक करून झाला, तरी पोरं थांबली नाहीत. आणि धिंडीचं म्हणाल तर त्याच पोराचे मित्र त्या व्हिडिओला गाणं लावून स्टेटसला ठेवतात. ज्याला आयुष्यात कुणी विचारलं नाही, त्याला त्या दिवशी सगळा एरिया ओळखायला लागतो.

आता वयाचा हिशोब बघा. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी. सहा ते चौदा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आठवीपर्यंत शाळा बांधील. अठरानंतर रोजगाराच्या, कौशल्याच्या योजना. मधली चार वर्षं? नववीत पोरगं शाळेत दिसेनासं झालं तर कुणाचीही नोकरी जात नाही, कुणाला नोटीस येत नाही. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा पूर्ण झालेल्या मुलाला धोकादायक कामं सोडून बाकी कामावर ठेवता येतं. मग तो गॅरेजला लागतो, मांडववाल्याकडे जातो, केटररकडे ताटं उचलतो. लग्नाची तारीख असली की काम, नसली की नाक्यावर.

घरी का बसत नाही, असं सोसायटीतल्या ओळखीच्या बायका मला विचारतात. घर दहा बाय दहाचं. आई धुण्याभांड्याची कामं उरकून आठला येते, त्यानंतर स्वयंपाक. बहीण मोठी झालीय, तिला कपडे बदलायचे असले तरी भावाने बाहेर जायचं असतं. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्या घरात जागाच नसते. बाहेर मात्र त्याला जागा करून देणारे असतात. "काय रे, जेवला का?" असं विचारणारा एखादा भाई असतो. तो गाडीवर फिरवतो, वडापाव खाऊ घालतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पोराचा फोटो कोपऱ्यात का होईना टाकतो. निवडणुकीत हीच पोरं रॅलीला लागतात, दहीहंडीला लागतात, आणि कधीतरी कुणाला "समज द्यायला" लागतात. तो भाई त्या पोराला रोज वेळ देतो. त्याचं सगळं बळ त्यात आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढची चर्चा होऊच शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक वस्तीत संध्याकाळी रोज उघडी असणारी एक खोली हवी आणि त्या खोलीत वर्षानुवर्षं टिकणारा, पगारी, प्रशिक्षित माणूस हवा. शिबिर नको, रॅली नको, व्यसनमुक्तीची एक दिवसाची शपथ नको.

अशा खोलीत काय चालतं ते सांगते, कारण पुष्कळांना वाटतं आम्ही तिथे भाषणं देतो. कॅरम चालतो. एका कोपऱ्यात दहावीची मुलं बसतात. फोन चार्जिंगला लावायला येणारी येतात, दारातच चप्पल न काढता उभी राहतात आणि पंधरवड्याने कधीतरी आत येतात. गेल्या वर्षी असाच एक जण यायचा. गॅरेजमधून थेट, नखांत काळं ग्रीस, कुणाशी बोलणं नाही. कॅरमची पावडर मात्र न सांगता आणून ठेवायचा. एक दिवस बाकीची पोरं गेल्यावर म्हणाला, "ताई, तो सतरा नंबरचा फॉर्म असतो ना, तो मला भरता येईल का?" नववीतून सुटलेल्याला बाहेरून दहावीला बसायचा तो एक रस्ता. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि याची शाळा लातूरकडच्या एका गावात. वडील नाहीत, आईला सुट्टी घेतली तर खाडा पडतो. आमच्यातला एक कार्यकर्ता रात्रीच्या एसटीने त्याच्याबरोबर गेला. दाखल्यावर आईचं नाव चुकलेलं निघालं, म्हणजे दुरुस्तीसाठी दुसरी खेप. या कामाला युवा विकास वगैरे नाव द्या, प्रत्यक्षात ते असं असतं: कुणाबरोबर तरी रांगेत उभं राहणं. जातीच्या दाखल्याचं तर याहून अवघड. अनुसूचित जातीसाठी १९५०च्या आधीचा पुरावा, भटक्या विमुक्तांसाठी १९६१च्या आधीचा. ज्यांचे आजोबा पालं ठोकत फिरले त्यांनी तो कुठून आणायचा? मुलं या एका कागदापायी शिक्षण सोडतात.

मुलींची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड. त्या नाक्यावर दिसत नाहीत म्हणून कुणाच्या चर्चेतही येत नाहीत. दहावी झाली की धाकट्यांना सांभाळणं, पाणी भरणं, मग स्थळं बघणं. त्या सातला येऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी खोली चारला उघडावी लागते. त्याआधी महिना-दोन महिने आयांच्या दारात बसून चहा प्यावा लागतो. मुलगी खोलीत आली म्हणजे तिला कुणी बिघडवणार नाही, हा विश्वास आमच्या चेहऱ्यांवरून बसतो, पत्रकावरून नाही. दर वर्षी नवा चेहरा आला तर तो पुन्हा शून्यापासून कमवावा लागतो.

हे सगळं भावनेच्या भरात बोलते आहे असं वाटत असेल तर लंडनकडे बघा. तिथे २०१० ते २०१९ या काळात सरकारी खर्चकपातीत जवळपास ३० टक्के युवक क्लब बंद पडले. हे क्लब म्हणजे शाळा सुटल्यावर फुकट बसायची, खेळायची जागा आणि तिथे असणारे पगारी युवा कार्यकर्ते. क्लब बंद झाल्यावर काय झालं, याचा अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जवळचा क्लब गेला, ती १० ते १७ वयाची मुलं गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी वाढलं. परीक्षेतले गुणही घसरले. क्लब बंद करून वाचवलेल्या पैशांपेक्षा समाजाला बसलेला भुर्दंड मोठा निघाला. एवढा श्रीमंत देश, तिथेही हेच.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी वस्तीतल्या मुलांसाठी वंचितांचा रंगमंच उभा केला. मुलांनी आपल्याच जगण्यावरची नाटुकली बसवायची आणि नाटकातली जाणती माणसं त्यांना मार्गदर्शन करणार. फुटबॉल असो की नाटक, पोरं रोज येतात कारण रोज कुणीतरी त्यांची वाट बघतं.

प्रश्न पैशाचा आहे आणि तो उघड बोलायला हवा. कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून आमच्यासारख्यांना मिळतं ते बहुधा एका वर्षाचं. टॅब मिळतात, दप्तरं मिळतात, रंगरंगोटी होते. कार्यकर्त्याच्या पगाराचा विषय काढला की समोरचा माणूस विचारतो, लाभार्थी किती? मार्च संपतो, प्रकल्प संपतो, नुकता रुळलेला कार्यकर्ता दुसरीकडे जातो. पोरं दुसऱ्या दिवशी येऊन विचारतात, दादा कुठेय? अशा पोरांच्या आयुष्यातून आधीच पुष्कळ माणसं न सांगता निघून गेलेली असतात.

सेवाभावी माणसं मिळतात की, असं सांगणारे भेटतात. राष्ट्र सेवा दलाच्या मैदानांवरच्या शाखांनी १९४१पासून पिढ्या घडवल्या, त्या परंपरेबद्दल मला अपार आदर आहे. पण आज या कामाला सगळ्यात लायक माणूस म्हणजे त्याच वस्तीत वाढलेला, नाक्यावरून परत आलेला पंचवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. त्याच्या घरीही म्हातारी आई आहे, भाडं आहे. त्याला फुकट राबायला सांगणं अन्याय आहे. शिक्षकाला पगार देतो, अंगणवाडी सेविकेला मानधन देतो (तेही तुटपुंजं), मग याला का नाही?

खोल्यांची तर खरी टंचाईसुद्धा नाही. बहुतेक वस्त्यांत समाजमंदिर आहे, एखादी बांधून ठेवलेली अभ्यासिका आहे. उद्घाटनाची पाटी आहे आणि दाराला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे, हे तुमच्या नगरसेवकाला विचारा. पुढच्या वेळी मत मागायला आले की रस्ता आणि ड्रेनेजच्या जोडीला हेही विचारा: संध्याकाळी सातला हे उघडं असेल का आणि आत बसणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार?

शेवटी एक मागणं. यंदा आमच्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरलेली बरीच मुलं-मुली आहेत आणि गणित-विज्ञान शिकवायला माणूस हवाय. आठवड्यातून एकच संध्याकाळ, पण ठरलेली, आणि परीक्षेपर्यंत न चुकवता. ज्यांना जमेल त्यांनी इनबॉक्समध्ये कुठला वार जमेल तेवढं कळवा. एक-दोनदा येऊन बघू, असं वाटत असेल तर कृपया कळवू नका.