माहेरी आलेल्या लेकीचं नावही अंगणवाडीत घालता येतं

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं सार असं: अंगणवाडीत आता बीपीएल रेशन कार्डवाल्यांचीच नावं घेतात, मुलाचं आधार नसेल तर परत पाठवतात, महाराष्ट्रात दिलेल्या लेकी बाळंतपणाला इकडं आल्या तर त्यांना काही मिळत नाही, अंगणवाडी कन्नड मुलांसाठी आहे, आणि तिथं खाऊपलीकडं असतं तरी काय! लिहिणाऱ्याच्या रागाचं मूळ सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण मेसेजमधलं जवळजवळ सगळं चूक आहे, आणि ते वाचून घरी बसतात ती दोन-तीन वर्षांची पोरं आणि पोटुशी बाया.

आधी बीपीएलचं. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशातच सांगितलं की अंगणवाडी योजनेसाठी दारिद्र्यरेषेची अट लावायची नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातही सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना जवळच्या अंगणवाडीतून मोफत आहार आहे, त्यात रेशन कार्डाचा रंग कुठंच विचारलेला नाही. मग ही समजूत आली कुठून? मला वाटतं, अंगणवाडीच्या बाईंच्या हातून इतर योजनांचेही फॉर्म जातात तिथून. मुलींसाठीची भाग्यलक्ष्मी योजना दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती होती. मातृवंदना योजनेचे पैसे पहिल्या बाळाला, आणि दुसरी मुलगी झाली तर मिळतात. एका फॉर्मची अट दुसऱ्याला चिकटली. जेवणाला, लसीला, बालवाडीला यातली एकही अट नाही. तिसरं, चौथं मूल असलं तरी.

आधारचं थोडक्यात: मुलाचं आधार सक्तीचं नाही, आईच्या आधारवर नोंद होते. ओटीपीसाठी मोबाईल मात्र जवळ ठेवा.

आता माहेरच्या लेकींचं. माझ्या भाचीला चंदगड तालुक्यात दिलंय. सातव्या महिन्यात ती माहेरी, खानापूर तालुक्यात आली. अंगणवाडी चार घरं पलीकडं. पण "तिचं नाव तिकडं, इकडं कोण देणार?" म्हणून महिनाभर कुणी चौकशीलासुद्धा गेलं नाही. हा मेसेज मला तिच्या आईनंच पाठवला होता. वाचून जीव कळवळला, कारण नेमक्या याच महिन्यांत बाईच्या ताटात भर पडायला हवी.

कायद्यात गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने जवळच्या अंगणवाडीतून आहार सांगितलाय. सासरच्या की माहेरच्या, हा भेद त्यात नाही. योजना देशभराची, पोषण आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मानिम्म उचलतं, आणि दोन्ही राज्यांतल्या नोंदी पोषण ट्रॅकर या एकाच अॅपवर होतात. त्यात एका अंगणवाडीतून दुसरीकडं, अगदी दुसऱ्या राज्यातही, नाव हलवायची सोय आहे. म्हणून सासरच्या अंगणवाडी सेविकेला फोन करून नाव इकडं वळवायला सांगा आणि इथल्या बाईंना भेटा. कर्नाटकात 2 ऑक्टोबर 2017 पासून मातृपूर्णा योजना आहे: भात, सांबार, पालेभाजी, अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की, असं शिजवलेलं जेवण अंगणवाडीतच मिळतं. चंदगडहून आलेल्या पोरीनं त्यावर पाणी का सोडावं? गळीत हंगामात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांच्या पोरांनाही हेच लागू आहे, आणि त्यांना हे सांगायला तर कुणीच जात नाही.

भाषेचा मुद्दा यातला खरा दुखरा आहे. पात्रतेत भाषेची अट नाही, हे निश्चित. पण मराठी घरातलं तीन वर्षांचं पोर कन्नड बडबडगीतांत गप्प बसतं, ही तक्रार खोटी नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही लहान मुलांना शक्य तिथं घरच्या भाषेत शिकवावं असंच म्हटलंय. ही मागणी जोरात करायलाच हवी. पण पोरांना घरी ठेवून ती कशी करणार? रजिस्टरवर मराठी मुलांची नावंच नसतील तर मराठी बोलणारी बाई मागायची कशाच्या जोरावर? सर्वोच्च न्यायालयाच्या 13 डिसेंबर 2006 च्या निकालाप्रमाणे वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. तिथंही मोजणी पोरांचीच.

आणि "नुसता खाऊ" म्हणणाऱ्यांसाठी: 1975 साली योजना सुरू झाली तेव्हापासून सेवा सहा आहेत. पूरक आहार, तीन ते सहा वयाचं शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती. पोराचं वजन दर महिन्याला तक्त्यावर चढतं. कुपोषण डोळ्यांना दिसायच्या आधी तिथं कळतं.

तरीही कुणी परत पाठवलं तर कारण लेखी मागा. तालुक्याच्या सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) ऑफिसात अर्ज देऊन पोच घ्या. तिथं हललं नाही, तर अन्न सुरक्षा कायद्यानं जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. अर्ज मराठीत लिहिला म्हणून कुणी नाकारत असेल, तर संविधानाचं कलम 350 दाखवा: तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क त्यात प्रत्येकाला दिलाय.