‘जुनं बुद्धिबळाचं पुस्तक छापा, खर्च फक्त छपाईचा’: या फॉरवर्डचा हिशोब

बुद्धिबळ क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय. दादर, पार्ले, बोरिवली, ठाणे, सगळीकडे तोच. थोडक्यात असा: ‘गुकेश आणि दिव्या देशमुखमुळे क्लासना गर्दी आहे. जुन्या मास्टरांची पुस्तकं आता कुणाच्याच मालकीची नाहीत. पीडीएफ उतरवा, शंभर प्रती छापा, तीनशेला विका. खर्च फक्त छपाईचा. क्लासमधली मुलंच गिऱ्हाईक.’ अशा पुस्तकांची जुळणी (टाइपसेटिंग) आणि मुद्रितं (प्रूफं) माझ्या हातून जातात, म्हणून हे उत्तर.

‘कुणाच्याच मालकीची नाहीत.’ अर्धं खरं. भारतात कॉपीराइटची ६० वर्षं लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. निम्झोविच १९३५ साली गेला, कापाब्लांका १९४२, अलेखिन १९४६. त्यांनी हयातीत छापलेलं मूळ लेखन आपल्याकडे मोकळं आहे. मॅक्स यूवे मात्र १९८१ साली गेला, म्हणजे २०४१ संपेपर्यंत हात लावायचा नाही. बोट्विनिकसाठी २०५५ संपेपर्यंत थांबा. शिवाय निम्झोविचने लिहिलं जर्मनमध्ये. तुमच्या हातातली पीडीएफ इंग्रजी अनुवादाची, आणि अनुवादाचा हक्क वेगळा, त्याची मुदतही वेगळी. अमेरिकी साइटवरचा ‘पब्लिक डोमेन’ (हक्कमुक्त) हा शिक्का तिथल्या कायद्याचा. जुन्या पुस्तकांसाठी तिथे प्रकाशनाचं वर्ष बघतात, आपल्याकडे मृत्यूचं. नुसत्या चालींवर हक्क सांगणं अवघड आहे, हे खरं. २०१६ मध्ये कार्लसन-कार्याकिन या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या चाली इतर साइटना दाखवू देऊ नयेत ही मागणी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फेटाळली होती. पण पुस्तक विकलं जातं ते चालींखालच्या टिपांसाठी, आणि त्या लेखकाच्या.

‘खर्च फक्त छपाईचा.’ खरी गोम इथे आहे. जुनी इंग्रजी पुस्तकं डिस्क्रिप्टिव्ह नोटेशनमध्ये, म्हणजे चाली लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत आहेत. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९८१ पासून फक्त अल्जिब्राइक (प्रत्येक घराला ई४ असं एकच नाव देणारं) नोटेशन मान्य ठेवलं, त्यामुळे आजच्या मुलाला ‘पी-के ४’ म्हणजे काय ते कळत नाही. राजासमोरचं प्यादं आपल्या बाजूने चौथ्या घरात, असा त्याचा अर्थ: पांढऱ्याने खेळलं तर ई४, काळ्याने खेळलं तर ई५. ‘एन-बी ३’, म्हणजे घोडा उंटाच्या रांगेत तिसऱ्या घरात, त्याहून वाईट: घोडा सी३वर गेला की एफ३वर, हे पटावरची स्थिती बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर ‘शोधा आणि बदला’ करून हे काम होत नाही. त्यात स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर इंग्रजी ‘बी’ला आठ समजतं. प्रत्येक डाव बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. अशक्य चाल ते नाकारतं, पण दोन्ही हत्ती एकाच घरात जाऊ शकत असतील तर चुकीचा हत्ती मुकाट्याने स्वीकारतं. चूक सात-आठ चालींनंतर उघडी पडते, किंवा छापून झाल्यावर. मूळ पुस्तकातही मुद्रणदोष असतात. मग बसा शोधत, छापखान्यातला खिळा (अक्षराचा ठसा) चुकला की मास्टर चुकला.

हे तपासायला दोन्ही नोटेशन येणारा माणूस लागतो. असे लोक आता बहुतेक साठीपुढचे, आणि चहावर भागवत नाहीत. भागवूही नये. आकृत्या वेगळ्याच. पानाआड एक धरली तरी २४० पानांत १२०, आणि स्कॅनमधल्या काळपट आकृतीत उंट आणि प्यादं सारखेच दिसतात, म्हणून सगळ्या नव्याने काढायच्या.

‘शंभर प्रती, तीनशेला.’ समजा डिजिटल छपाई पानाला ५० पैसे. २४० पानांचे १२०, कव्हर-बाइंडिंगचे ३०, म्हणजे १५० रुपये. दुकानदाराचं कमिशन ४० टक्के धरा, म्हणजे १२०. उरले ३०. शंभरच्या शंभर प्रती खपल्या तरी ३,००० रुपये, आणि जुळणी-तपासणीचं बिल अजून दिलेलंच नाही. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे म्हणून खूश होऊ नका. त्यामुळेच छपाईवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, मात्र खरंच फुकट मिळतो. १९५४ च्या कायद्याने चार ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत द्यावी लागते, त्यातलं एक आपल्या फोर्टच्या टाउन हॉलमधलं.

‘मुलंच गिऱ्हाईक.’ आठ वर्षांच्या मुलाला दोन चालींत मात करायची कोडी हवीत, निम्झोविच नको. खरा गिऱ्हाईक फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला जुनी प्रत शोधत फिरणारा मोठा माणूस. त्याला नवं नोटेशन आणि स्वच्छ आकृत्या मिळाल्या तर तो घेईल, पण अशी माणसं थोडी. त्यांच्यासाठी छापायचं असेल तर आधी तीस-चाळीस आगाऊ नोंदण्या घ्या आणि किंमत साडेचारशे ठेवा. तेव्हा कुठे दुकानातून प्रतीमागे १२० हाती येतील आणि तपासणाऱ्याचे पैसे तरी सुटतील.