गोल्फमध्ये हिशेबाने खेळणं म्हणजे भित्रेपणा नव्हे

मी राहतो संभाजीनगरला, खेळायला जातो पुण्याला. महिन्यातून एकदा. शुक्रवारी रात्री बहिणीकडे मुक्काम, शनिवारी सकाळी येरवड्याच्या कोर्सवर हजर. एवढ्या लांबून गेलेल्या माणसाला मोठे फटके मारावेसे वाटतातच. चार वर्षं मीही तेच केलं. आज माझ्यासारख्या सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्यांसाठी अगदी मनापासून लिहितोय.

गेल्या महिन्यात एका पार चारवर (चार फटक्यांत संपवायचा होल) माझा टी-शॉट, म्हणजे पहिला फटका, उजवीकडे झाडांत गेला. बॉल बुंध्यापासून हातभर, पाचोळ्यात. दोन फांद्यांमधून होलचा झेंडा दिसत होता. फट असेल परातीएवढी. मी पाच नंबरचा क्लब मागितला (नंबर जितका लहान, क्लब तितका मोठा आणि फटका तितका लांब). आमचे कॅडीमामा, म्हणजे क्लबची बॅग सांभाळणारे, मूळचे बीडकडचे. त्यांनी वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्याचा क्लब, काढून पुढे धरला. "साहेब, आधी बांधावर या. मग शिवाराचं बघू." मी ऐकलं नाही. बॉल फांदीला लागून आणखी आत गेला, पुढचा फटका थेट बुंध्यावर. त्या होलवर 9 लागले. आडवा फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) काढला असता तर 5, फार तर 6.

घरी येताना गाडीत अख्खं कार्ड पुन्हा वाचलं. चांगले फटके कमी पडले म्हणून स्कोअर बिघडला नव्हता. तीन होलवर 8-9 लागले होते, तिथेच सगळं गेलं होतं.

400 यार्डांचा पार चार घ्या. पहिला 180, दुसरा 120, तिसरा 100. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचलात. तिथे बॉल होलमध्ये ढकलायचे दोन हलके फटके (पटिंग), एकूण 5. पारपेक्षा एक जास्त, म्हणजे बोगी. यातला एकही फटका आपल्या आवाक्याबाहेरचा नाही. अठराही होलवर बोगी केली तर पार 72 च्या कोर्सवर 90 होतात, आणि आपल्यातले किती जण नियमित 90 खेळतात?

हे फक्त आपल्यासाठीच आहे असंही नाही. 2007 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अमेरिकेच्या झॅक जॉन्सनने चार दिवसांत एकाही पार पाचवर दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक वेळी ले-अप, म्हणजे मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे थांबणं, मग वेज. त्याच होलवर तो 11 अंडर, म्हणजे पारपेक्षा 11 फटके कमी, खेळला आणि स्पर्धा जिंकला. उलट 1999 च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्कॉटलंडच्या कार्नूस्टी कोर्सच्या शेवटच्या होलवर फ्रान्सच्या ज्याँ व्हॅन द वेल्डला जिंकायला 6 चालणार होते. त्याने पहिल्या फटक्याला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, घेतला, दुसरा फटकाही थेट ग्रीनच्या दिशेनेच मारला, पुढे बॉल ओढ्यात गेला आणि 7 लागले. बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, हातातोंडाशी आलेला घास गेला. तो प्रसंग आठवला की आजही जीव हळहळतो.

क्लब निवडताना आपण सगळे एकच चूक करतो. सात नंबरने बॉल एकदा 140 यार्ड गेलेला असतो, तोच आकडा डोक्यात बसतो. नेहमीचा जातो 125. समोर पाणी, पलीकडे ग्रीन 135 वर, आणि आपण सात नंबरच काढतो. मी आता नेहमीच्या फटक्याचा आकडा धरतो आणि एक क्लब मोठा घेतो. झेंडा कोपऱ्यात बंकरमागे (वाळूच्या खड्ड्यामागे) असला तरी नजर ग्रीनच्या मध्यावर. एका बाजूला ओबी (कोर्सची हद्द) असेल तर दुसऱ्या बाजूचा रफही (उंच गवत) चालतो, कारण ओबीला एक फटका दंड आणि वर पुन्हा जुन्याच जागेवरून मारायचं. रफमधून निदान पुढे तरी जाता येतं.

मित्र म्हणतात, "हा काय भित्रा खेळ? डेअरिंग नको का?" मला हे खरंच लागतं. आपण मराठवाड्यातली माणसं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे आपल्याकडे दर जूनला सांगितलं जातं. त्यासाठी थांबणाऱ्या शेतकऱ्याला कोणी भित्रा म्हणतं का? पहिल्या सरीवर पेरून ज्याच्या नशिबी दुबार पेरणी आली, त्याच्या बियाण्याचा, खताचा, मजुरीचा हिशेब एकदा ऐका. माझ्या वडिलांनी तो दोनदा मांडलाय, रात्री ओट्यावर बसून, बोलता बोलता मध्येच गप्प होत. झाडांतला तो 9 मला त्याच वहीतला वाटतो.

या शनिवारी पुन्हा तोच होल आहे. टीवर ड्रायव्हर काढणार नाही. पाच नंबर, मग जे उरेल त्याचे दोन भाग. काल मामांना फोनवर हे सांगितलं. म्हणाले, "इकडं पाऊस झालाय साहेब, बॉल पळायचा नाही. एक क्लब मोठाच घ्या."