देगलूरचे गोटे हिमनदीने आणलेले नाहीत

देगलूर-बिलोली भागातले एकावर एक रचल्यासारखे दिसणारे प्रचंड गोटे हिमयुगात हिमालयाच्या हिमनदीने वाहून आणले, असा मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. तो चुकीचा आहे. हे गोटे तिथल्याच ग्रॅनाइटचे आहेत. भेगांतून पाणी मुरलं, कडा झिजल्या, माती वाहून गेली आणि गोल गाभे जागेवर उरले.

हिमनदी वेगळं काम करते. बर्फ स्वतःच्या वजनाने आतून वाकत सरकतो, तळाशी वितळलेलं पाणी असलं तर घसरतोही. तळात रुतलेले दगड खालच्या खडकावर समांतर ओरखडे काढतात. बर्फ वितळला की बारीक पिठीपासून शिळांपर्यंत सगळं एकाच ढिगात पडतं. नदी मात्र वाळू, गोटे निवडून वेगळे टाकते. देगलूरला ना असे ओरखडे, ना असा ढीग. शेवटच्या हिमयुगात भारतातल्या हिमनद्या हिमालयातच होत्या.

महाराष्ट्रात हिमनदीची खूण आहे, पण विदर्भात: चंद्रपूरजवळ इरई इथे, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा हिमालय जन्मलाही नव्हता. मुलांना दाखवायचं तर ते दाखवा, आणि हा मजकूर पुढे पाठवू नका.